सत्तेचाळीस नंबर

ड्रोन उडाला की आधी बगळे उठतात,
मग चिचगोंदीची पोरं.
आतिश रामटेके बॅटरीची मिनिटं मोजतो, बावीस, एकवीस,
आणि मी धुऱ्यावर बसून
जमीन जमिनीवरून न बघण्याचा अभ्यास करते.

तिसरं सेमिस्टर. पेपर चौथा, संगणकीय पद्धती.
नागपूरला वसतिगृहाच्या खोलीत
मी यंत्राला तीनशे वर्तुळं दाखवली होती,
शिळांची, लोखंड नवंनवं हाती आलेल्या माणसांनी
आपल्या मेलेल्यांभोवती मांडलेली.
हे बघ, हे वर्तुळ.
हे नाही, हे विहिरीचं तोंड.
हे नाही, ही मोहाची सावली.
धाकट्या भावाला पाढे शिकवावेत तसं.
फक्त हा कंटाळला नाही,
मी झोपले तरी रात्रभर पंखा फिरवत घोकत बसला.

यादी आली. एकसष्ट जागा.
अक्षांश, रेखांश, व्यास, खात्री.
सत्तेचाळीस नंबरला खात्री सगळ्यात जास्त,
शंभरात सत्त्याण्णव.
व्यास अकरा मीटर, काठाला दगड, मधोमध खड्डा.
सर फोनवर म्हणाले,
आधी जागा पायाखाली घाल, मग नाच.

चार किलोमीटर.
धान निघालेलं, बांध्यांमध्ये लाखोरी पोटरीला लागणारी.
फोनमधला निळा ठिपका आणि मी
एकमेकींच्या दोन पावलं मागेपुढे,
कोण कुणाला नेतंय कळत नव्हतं.

तिथे सुगंधाबाई नन्नावरे
शेणाचे हात घेऊन उभ्या. काठाच्या दगडांवर गोवऱ्या.
हे काय आहे, मावशी?
"हे खरं होय."

माझ्या तक्त्यात दोनच रकाने होते, खरे आणि खोटे.
इतक्या पटकन उत्तर
मला विद्यापीठात कुणी दिलं नव्हतं.
मी खरेखाली टिक मारली, तारीख घातली, सही केली.

किती जुनं असेल?
"सासऱ्याच्या वक्ताचं. बैलं फिरत, धान चुरत.
मधात मेढ होती, तो पाय तिचा गड्डा.
आता थ्रेशर येते."

मी अमरावतीकडची. आमच्याकडे ळ चा य होतो,
डोयात काही गेलं म्हणतो आम्ही.
इकडे ळ चा र.
डोरा. कारा. शारा.
खळं, खरं.

टिक खोडायला रबर नव्हतं.

आणि हे दगड?
"ते वरच्या झुडपातले. राक्षसाचे गोटे म्हणत.
गाडीभर आणले बुढ्यानं.
तिकडे रिकामेच पडले होते."
वर जाऊन पाहिलं. खरंच,
एका वर्तुळाचे पुढचे सगळे दात पडलेले.
पुरलेल्याच्या कडेचे दगड
दाण्यांच्या कडेला आले होते, बैलगाडीतून, भर दुपारी,
आणि कुणाचंच काही बिघडलं नव्हतं.

सर म्हणाले, खोटं म्हणून नोंदव.
नाहीतर पुढच्या जिल्ह्यात हेच करत बसेल.
बरोबरच होतं त्यांचं.
त्या रात्री यंत्राला सांगितलं, हे नाही.
त्यानं लगेच ऐकलं.
सकाळी यादीत अडतीस उरले.
मी एक खळं दाखवलं होतं,
त्यानं तेवीस पुसली.

मग मी नकाशावर आणखी एक थर उघडला,
कुणी मागितलेला नसताना.
यंत्र नाव विचारतं, मी लिहिते, खरं.
वापर: धान चुरणे. व्यास: अकरा.
दगड: पूर्वी दुसरीकडे कामाला.
खात्री: सुगंधाबाई.

त्या रकान्यात आकडाच लागतो.
लाल चौकट येते, पुन्हा भरा म्हणते.
आतिश म्हणतो, शंभर टाक ना, काय जातं.

मी अजून पुढे सरकलेले नाही.
चौकट लुकलुकते आहे.